वार सगळं सांभाळते, मग पोटातल्या बाळाच्या किडन्या रक्तदाबाचं काय करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहावा महिना चालू आहे, रक्तदाबाचा त्रास आधीपासूनचा. गर्भ राहिल्याचं कळताच डॉक्टरांनी रामिप्रिल बंद करून लॅबेटालॉल सुरू केली आणि कारण विचारलं तर ‘बाळाच्या किडनीसाठी’ एवढंच सांगितलं. पण बाळाचं रक्त शुद्ध करायचं काम तर वार (प्लासेंटा) करते. मग बाळाच्या किडन्यांना पोटात काम काय, आणि त्यांचा रक्तदाबाशी संबंध काय?

मी लहान मुलांचे किडनीविकार बघतो. हा प्रश्न आईवडील विचारतात तसे शिकाऊ डॉक्टरही विचारतात, आणि पुस्तकात त्याचं उत्तर तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं असतं. माझं उत्तर असं: जन्मापूर्वी किडनीच्या हातात रक्तदाबाचा जो काही लगाम असतो तो मुख्यतः रेनिन या एका स्रावाचा असतो, आणि किडनीची स्वतःची घडणही त्याच रेनिनच्या साखळीवर अवलंबून असते. तुमची गोळी बदलली ती या दोन्हींमुळे.

आधी मोठ्या माणसाचं बघू. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. दाब वाढला की किडनी जास्त मीठ आणि पाणी लघवीवाटे काढून टाकते, रक्ताचं आकारमान घटतं, दाब उतरतो. दाब पडला की याच्या उलट. क्षणाक्षणाचे चढउतार नसा आणि रक्तवाहिन्या निभावून नेतात, पण महिनोन्‌महिने दाब कुठे स्थिरावणार हे बहुतांशी किडनी ठरवते.

गर्भात यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा फक्त २ ते ४ टक्के भाग किडन्यांना मिळतो. मोठा वाटा नाळेतून वारेकडे जातो, कारण वारेतल्या रक्तवाहिन्या सैल, मोकळ्या असतात आणि रक्ताला तिकडे फारसा अडथळा होत नाही. अशी एवढी मोठी मोकळी वाट जोडलेली असताना दाब चढणार कसा? म्हणून गर्भाचा रक्तदाब आपल्या मानाने फारच कमी असतो. गर्भारपणाच्या मध्यावर, १९ ते २१ आठवड्यांत, नाळेच्या धमनीत सरासरी दाब १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास मोजला गेला आहे. दिवस भरत येतात तसा तो ४०च्या पुढे सरकतो. प्रौढ माणसात हाच आकडा ९०च्या आसपास असतो. नवजात अतिदक्षता विभागात एक ठोकताळा सर्रास वापरतात: पहिल्या दिवशी बाळाचा सरासरी दाब निदान त्याच्या गर्भवयाच्या आठवड्यांएवढा हवा. २८ आठवड्यांच्या बाळाचा २८. ठोकताळाच आहे, नियम नव्हे, पण गर्भातले दाब कोणत्या पट्टीत असतात याची कल्पना त्यावरून येते.

आता लघवीचं. बाळाची कायमची किडनी पाचव्या आठवड्याच्या सुमारास आकार घेऊ लागते आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात लघवी तयार व्हायला लागते. सोनोग्राफीवरून काढलेल्या अंदाजानुसार विसाव्या आठवड्यात तासाला साधारण ५ मिलिलिटर, तर दिवस भरताना तासाला ५० मिलिलिटर. वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण प्रौढांच्या दहापटीच्या आसपास जातं. लघवी अगदी पातळ असते आणि गाळलेल्या मिठातला बराच भाग तिच्यातून सुटून जातो, कारण मीठ परत खेचणाऱ्या नलिका अजून कच्च्या असतात.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. एवढी लघवी होते, म्हणजे किडनी मीठ-पाणी टाकून दाब सांभाळतच असेल, असं वाटतं. पण ती लघवी जाते कुठे? गर्भजलात. बाळ तेच गर्भजल गिळतं, ते आतड्यातून पुन्हा रक्तात येतं. शिवाय गर्भाच्या आवरणांमधून आणि वारेतून मीठ-पाण्याची देवघेव चालूच असते. म्हणजे किडनीने टाकलेलं शरीराबाहेर जात नाही, फिरून घरीच येतं. मोठ्या माणसात दाब उतरवणारा हा मुख्य मार्ग गर्भात त्यामुळे बोथट असतो. लघवीचा खरा उपयोग तिथे वेगळा आहे: गर्भारपणाच्या दुसऱ्या निम्म्यात गर्भजल बहुतांशी लघवीचंच बनलेलं असतं, आणि पुरेसं गर्भजल नसेल तर फुप्फुसं वाढत नाहीत. दोन्ही किडन्या मुळातच नसलेली बाळं जन्मल्यावर दगावतात ती फुप्फुसं कच्ची राहिल्यामुळे. त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे एरवी किडनी गाळून टाकते तो कचरा, जन्माच्या क्षणी जवळपास आईइतकंच असतं, कारण ते काम वारेनं केलेलं असतं. एडिथ पॉटर या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी १९४६ साली अशा बाळांचं वर्णन केलं. त्यांचं नाव त्या लक्षणसमूहाला आजही आहे.

मग राहतं रेनिन.

रेनिनचा शोध जुना आहे. १८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा दाब चढला. पुढे साखळी उलगडत गेली. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. किडनीतून आलेलं रेनिन त्याचा एक तुकडा कापतं, तो अँजिओटेन्सिन-१. त्यातून एसीई नावाचं विकर अँजिओटेन्सिन-२ बनवतं, आणि रक्तवाहिन्या आवळण्याचं खरं काम हे दोन नंबरचं अँजिओटेन्सिन करतं. मोठ्या माणसात एसीईचा मुख्य साठा फुप्फुसांत असतो. गर्भात फुप्फुसांतून फार थोडं रक्त जातं, पण वारेच्या रक्तवाहिन्यांमध्येही एसीई असतं, त्यामुळे साखळी अडत नाही.

गर्भाच्या किडनीत रेनिन बनवणाऱ्या पेशी कुठे असतात ते बघण्यासारखं आहे. मोठ्या माणसात त्या अगदी मोजक्या जागी सापडतात: ज्या गुच्छातून रक्त गाळलं जातं त्याच्या तोंडाशी, रक्त आत आणणाऱ्या बारीक धमनीच्या टोकाला. गर्भात मात्र त्या किडनीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींपासून पसरलेल्या असतात आणि दिवस भरत येतात तशा मागे हटत हटत त्या टोकापुरत्या उरतात. पुढे आयुष्यात कधी दाब फार काळ पडलेला राहिला, किंवा एसीई अडवणारं औषध चालू असलं, तर धमनीच्या भिंतीतल्या साध्या स्नायुपेशी पुन्हा रेनिन बनवू लागतात. मला हे शरीरशास्त्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. पेशींना आपलं गर्भातलं काम आठवतं.

हे रेनिन गर्भात दाब खरंच धरून ठेवतं का? मेंढीच्या गर्भावर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, कारण मेंढीचं कोकरू आकाराने आणि रक्ताभिसरणाने मानवी गर्भाच्या बऱ्यापैकी जवळचं. कोकराच्या गर्भात रक्तस्राव झाला की रेनिन वाढतं. अँजिओटेन्सिनची साखळी औषधाने अडवली की दाब उतरतो, आणि त्यात रक्तस्रावही झाला तर तो सावरणं गर्भाला अधिक जड जातं. दिवस भरत येतात तसा हा प्रतिसाद जोरकस होतो.

याला एक आक्षेप घेता येतो, आणि तो चांगला आहे. किडन्याच नसलेली बाळं बरेचदा जन्मापर्यंत पोटात टिकतात, मग रेनिनची गरज कुठे आली? मी याचा अर्थ असा लावतो: वार शाबूत आहे, रक्त पुरेसं आहे, ऑक्सिजन मिळतो आहे, अशा शांत दिवसांत किडनीच्या रेनिनवाचून भागू शकतं. रक्त कमी पडलं, नाळ दाबली गेली, जन्माची घटका आली, की रेनिनची ती शिल्लक उपयोगाला येते. गर्भाच्या किडनीला मी म्हणूनच राखणदार समजतो, कारभारी नाही.

जुळ्यांमधल्या एका आजारात ही यंत्रणा उघडी पडते. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत कधीकधी वारेतल्या जोडवाहिन्यांमधून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे सरकत राहतं. देणाऱ्या बाळाचं रक्त घटतं. त्याची किडनी जोरात रेनिन सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, लघवी कमी होते, गर्भजल आटतं आणि सोनोग्राफीत त्याचं मूत्राशय दिसेनासं होतं. घेणाऱ्या बाळाचं उलट: रक्त जास्त, लघवी जास्त, गर्भजल उतू जाणारं, हृदयावर ताण. यातली खरी गंमत घेणाऱ्या बाळाच्या किडनीत आहे. तिथलं रेनिन जवळपास बंद पडलेलं असतं, जे अपेक्षितच, कारण रक्त भरपूर आहे. तरीही अशा काही बाळांच्या किडनीत आणि हृदयात उच्च रक्तदाबाच्या खुणा सापडतात. देणाऱ्या भावंडाचं रेनिन आणि अँजिओटेन्सिन त्याच जोडवाहिन्यांतून याच्याकडे येतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. एकाच्या किडनीने स्वतःला वाचवायला सोडलेला स्राव दुसऱ्याच्या हृदयाला भोवतो. लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करणं हा आजचा प्रमुख उपचार आहे.

आता तुमच्या गोळीकडे येऊ. त्यासाठी गाळणीचं एक कोडं समजून घ्यावं लागेल. किडनीत रक्त गाळलं जातं ते दाबाच्या जोरावर. गर्भात सरासरी दाब ३०-४० असताना गाळण होतेच कशी? उत्तर गाळणगुच्छाच्या दोन टोकांना आहे. रक्त आत आणणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं मोकळी ठेवतात, आणि रक्त बाहेर नेणारी धमनी अँजिओटेन्सिन-२ आवळून धरतं. आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड, म्हणून गुच्छात पुरता दाब तयार होतो. बाहेरचा दाब इतका कमी असताना या दोन्ही हातांवर सगळा खेळ असतो.

रामिप्रिल, एनालाप्रिल ही एसीई अडवणारी औषधं, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन ही अँजिओटेन्सिनचं काम अडवणारी औषधं. ती वारेतून बाळापर्यंत पोचतात. आईला त्यांचा फायदा होतो यात वादच नाही. मोठ्यांच्या किडनीसाठी ही फार मोलाची औषधं आहेत आणि मी स्वतः मुलांना ती नियमित लिहून देतो. पण गर्भात, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत, ती दुहेरी घाव घालतात. बाळाचा मुळातच कमी असलेला दाब आणखी उतरतो, आणि बाहेर जाणारी धमनी सैल पडल्यामुळे गाळण थांबते. लघवी बंद, मग गर्भजल आटणं, मग फुप्फुसं आणि हातपाय दबणं, आणि कवटीची हाडं नीट न भरणं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९९२ साली एसीई अडवणाऱ्या औषधांवर याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. पहिल्या तिमाहीतल्या धोक्याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गर्भ राहिल्याचं कळेपर्यंत दोन-चार आठवडे गोळी चालू होती म्हणून घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना तसं सांगावं आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्याची तपशीलवार सोनोग्राफी चुकवू नये, एवढं पुरे.

दुसरा हात प्रोस्टाग्लँडिनचा म्हटलं. तो अडवतात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन अशी वेदनाशामकं. विसाव्या आठवड्यानंतर ती घेतल्यास बाळाची लघवी आणि गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा त्याच संस्थेने २०२० साली दिला. रक्तदाबाची गोळी लोक विचारून घेतात, कंबरदुखीची गोळी मात्र न विचारता. मला उलट या दुसऱ्या सवयीची जास्त काळजी वाटते. (प्रसूतितज्ज्ञांनी मुद्दाम दिलेलं कमी मात्रेचं ॲस्पिरिन वेगळं. ते स्वतःहून थांबवू नका.)

घडणीचा मुद्दा यापेक्षाही खोल आहे. रीनल ट्यूब्युलर डिसजेनेसिस नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात साखळीतल्या चार जनुकांपैकी एकात, म्हणजे अँजिओटेन्सिनोजेन, रेनिन, एसीई किंवा अँजिओटेन्सिनचा ग्राहक (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) यांपैकी एकात, आईवडील दोघांकडूनही दोष येतो. सोनोग्राफीत किडन्या बघाव्या तर बहुधा नेहमीसारख्याच दिसतात, पण दुसऱ्या तिमाहीत कधीतरी गर्भजल आटतं. जन्मानंतर लघवी होत नाही, आणि दाब इतका पडलेला असतो की नेहमीची दाब चढवणारी औषधंही पुरी पडत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली किडनीतल्या पहिल्या टप्प्याच्या नलिका जवळपास तयारच झालेल्या नसतात. गंमत म्हणजे एसीई अडवणाऱ्या औषधाच्या प्रभावाखाली वाढलेल्या गर्भाची किडनी हुबेहूब अशीच दिसते. निसर्गाने केलेला प्रयोग आणि औषधाने घडलेला अपघात एकाच जागी येऊन पोचतात, तेव्हा कारणाबद्दल शंका उरत नाही: ही साखळी तुटली की दाब जातो, आणि किडनीही अर्धवट राहते.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेली लॅबेटालॉल, किंवा निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं ही साखळी तशी न अडवता मुख्यतः वेगळ्या मार्गाने दाब उतरवतात, म्हणून गर्भारपणात ती निवडतात. स्वतःहून मात्रा कमी करू नका. आईचा दाब बेलगाम राहिला तर वारेला रक्त कमी पडतं, आणि तेव्हा बाळ रक्त मेंदू, हृदय आणि किडनीच्या डोक्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींकडे वळवतं. किडनीच्या वाट्याला आधीच तुटपुंजं येतं, ते आणखी घटतं. वाढ खुंटलेल्या बाळाचं गर्भजल कमी दिसतं त्यामागे बहुधा हेच असतं.

जन्माच्या वेळी काय होतं ते थोडक्यात सांगतो. नाळ बंद होते, ती मोकळी वाट एकदम नाहीशी होते आणि दाब चढतो. नवजात बाळाचं रेनिन सुरुवातीला खूप जास्त असतं, मग पुढच्या काही महिन्यांत हळूहळू उतरतं. किडन्यांकडचा रक्तपुरवठा वाढतो, गाळण पहिल्या दोन आठवड्यांत दुपटीच्या आसपास जाते, आणि आता लघवी खरोखर शरीराबाहेर जाऊ लागते. दाबाचा कायमचा हिशेब किडनीकडे येतो तो इथून.

तो हिशेब ती कशी ठेवणार हे गर्भात किती नेफ्रॉन तयार झाले यावर अवलंबून राहतं. नेफ्रॉन म्हणजे किडनीचं गाळणीसकटचं एक एकक. ते ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंतच तयार होतात, नंतर नवीन बनत नाहीत. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणाकडे अडीच लाखांच्या आसपास, तर कुणाकडे वीस लाखांपर्यंत. जन्मवजनात एका किलोच्या फरकामागे किडनीमागे सुमारे अडीच लाख नेफ्रॉनचा फरक दिसला आहे. नेफ्रॉन कमी असले तर दाब वाढतो, ही कल्पना अमेरिकी किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली मांडली. २००३ साली जर्मनीत अपघातात मृत्यू पावलेल्या ३५ ते ५९ वयाच्या लोकांच्या किडन्यांमधले गुच्छ मोजले गेले. उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांत किडनीमागे मध्यम आकडा सुमारे ७ लाख निघाला, आणि तसा त्रास नसलेल्या दहा जणांत सुमारे १४ लाख. वीसच माणसं, त्यामुळे एवढ्यावरून सगळ्या जगाचा निवाडा करू नये. पण प्राण्यांमध्ये गर्भारपणात प्रथिनं कमी दिली की पिलांच्या किडनीतलं रेनिन घटतं, नेफ्रॉन कमी होतात आणि मोठेपणी दाब चढतो, हे त्याला जुळतं. रेनिन फक्त त्या दिवसाचा दाब राखत नाही, पुढच्या आयुष्याचा दाब ज्यावर ठरतो ते बांधकामही करतं, असं मी म्हणतो ते यामुळे.

शेवटी तुमच्या बाबतीत काय बघायचं ते. बाळाचा रक्तदाब पोटात असताना नेहमीच्या तपासणीत मोजता येत नाही, त्यामुळे सोनोग्राफीच्या अहवालात तो शोधू नका. गर्भजलाचं प्रमाण, बाळाचं मूत्राशय भरलेलं दिसतं का, वाढ आठवड्यांप्रमाणे आहे का आणि नाळेच्या धमनीचा डॉपलर (तिच्यातला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी), या चार गोष्टींवरून किडनीचं बरंच कळतं. मूत्राशय एका नजरेत रिकामं दिसलं तर घाबरू नका. बाळ साधारण अर्ध्या तासात ते भरतं आणि रिकामं करतं, तेवढं थांबून पुन्हा बघायला सांगा.

बाळ दिवस भरून आणि चांगल्या वजनाचं जन्मलं तर रक्तदाबासाठी वेगळं काही करायचं नाही, तीन वर्षांनंतरच्या वार्षिक तपासणीत तो मोजला जाईल. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलं, वजन फार कमी भरलं किंवा अतिदक्षता विभागात राहावं लागलं, तर तीन वर्षांची वाट न बघता प्रत्येक भेटीत दाब मोजून घ्या. कफ बाळाच्या दंडाच्या मापाचा हवा, कारण लहान कफ आकडा वाढवून दाखवतो, आणि मोजताना बाळ शांत हवं. रडताना आलेला आकडा धरू नका.